डावं चाक मंजूर, उजवं नामंजूर

अक्कांच्या मुलाला कोणाला नाही म्हणता येत नाही, हे एक वेळ चालून जाईल. जगात पुष्कळांना येत नाही. पण दुसरा नाही म्हणाला की हा त्याचे आभार मानून घरी येतो, ही अक्कांची खरी तक्रार. डोक्यावरचे केस गेले, कचेरीत हाताखाली माणसं आली, मुलं शिकून परगावी गेली, पण ह्याचा आवाज काही गळ्याच्या वर आला नाही. शिंप्यानं एकदा पँटचा एक पाय आखूड शिवला. हा त्याला म्हणाला, "वा, छान बसलीय," आणि ती पँट विरेपर्यंत एका बाजूला किंचित कलून चालला. गर्दीत कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच म्हणतो, "माफ करा हं." म्हणजे दुसऱ्याच्या पायाखाली आपला पाय ठेवल्याबद्दल!

"माझ्या पोटी हा लोण्याचा गोळा कसा जन्मला कोण जाणे," अक्का शेजारणींना त्याच्या देखतच सांगत. "दवाखान्यात बदलला असणार."

"असेलही," मुलगा म्हणे. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

हे सगळं अक्कांनी इतकी वर्षं पोटात घातलं होतं. म्हणजे रोज बोलून दाखवत, पण पोटात घातलं होतं. मात्र खुर्चीचं चाक तुटलं आणि प्रकरण गळ्याशी आलं.

अक्कांच्या गुडघ्यांनी फार पूर्वीच संप पुकारला होता. घरात त्या चालत, पण ते चालणं फर्निचरच्या भरवशावर. पलंगाच्या कठड्यावरून हात कपाटाच्या मुठीला, मुठीवरून जेवणाच्या टेबलाला, टेबलावरून खुर्चीच्या पाठीला आणि तिथून दाराच्या चौकटीला. ह्या वाटेवरचं एकही सामान हलवायची घरात कोणाची छाती नव्हती. एकदा सुनेनं झाडताना खुर्ची वीतभर सरकवली, तर अक्कांनी तिला विचारलं होतं, "पूल पाडलास, आता मी पोहत जाऊ का?" घराबाहेर मात्र त्यांची चाकांची खुर्ची. मुलाच्या नोकरीच्या विम्यात आईचंही नाव होतं, त्यातून ती आलेली. हातानं चाकं फिरवत अक्का रोज सकाळी एकट्या गल्लीच्या टोकाला भाजीबाजारात जात. त्यांची खुर्ची वळणावर दिसली की टोमॅटोवाला मऊ टोमॅटो गोणपाटाखाली ढकलायचा आणि पालेभाजीवाली आपणहून म्हणायची, "अक्का, आज जुडी बारीक आहे, आधीच सांगते." शाळेत अक्का फार गेल्या नव्हत्या, पण काट्यावरचा अंगठा त्यांना लांबून वाचता येई.

तर त्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी गटाराची जाळी होती, तिच्या फटीत पुढचं डावं छोटं चाक शिरलं. अक्कांनी जोर लावला. चाक आत राहिलं आणि खुर्ची बाहेर आली. मग टोमॅटोवाल्यानं खुर्ची मागे कलती केली आणि मागच्या दोन चाकांवर ढकलत अक्कांना घरी आणलं. तोंड आभाळाकडे, पाय पुढे, भाजीची पिशवी पोटाशी. सबंध गल्लीनं हे पाहिलं. अक्का आयुष्यभर लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोललेल्या. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्यांशीच डोळा भिडवता आला.

दुसऱ्या दिवसापासून भाजी मुलगा आणू लागला. पहिल्या दिवशी त्यानं आणलेल्या वांग्यांत भाडेकरू निघाले. अक्कांनी एक वांगं चिरून त्याच्यासमोर धरलं. "ह्यांना दूध पाजायचंय का?"

"तो म्हणाला ताजी आहेत," मुलगा म्हणाला.

"आणि तू काय म्हणालास?"

काय म्हणाला असेल हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पण खरा घाव वांग्यांचा नव्हता. खरा घाव त्या रविवारी आला. मुलगा आणि सून बाजारात गेले आणि येताना एक जाडजूड गादीची आरामखुर्ची घेऊन आले. खिडकीशी मांडली. सून म्हणाली, "अक्का, इथं बसलात की अख्खा रस्ता दिसतो." मुलगा म्हणाला, "तसंही आता तुला बाहेर जायची गरज काय? सगळं आम्ही आणतोच ना."

अक्कांनी ती गादी बोटानं दाबून पाहिली. चांगलीच मऊ होती. इतकी मऊ, की तिच्यात एकदा बसलेलं माणूस पुन्हा उठायचं नाही. ह्या खिडकीतून रस्ता दिसणार, आणि रस्त्यावरच्यांना खिडकीत एक म्हातारी दिसणार. शेजारच्या इमारतीत अशी एक होती. लोक तिला येता जाता हात करत आणि ती काय बोलतेय हे न ऐकता पुढे जात.

"मांजराला द्या ही," अक्का म्हणाल्या. "आणि मला चाक आणा."

घरात मांजर नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

चाक आणणं काही मोठं काम नाही, असं मुलाला वाटलं. तो खुर्च्यांच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, चाक सुटं मिळत नाही, जोडी घ्यावी लागते, मागवावी लागते, आणि त्यानं जी किंमत सांगितली तिच्यात एक आख्खी सायकल घंटीसकट आली असती. मुलगा "धन्यवाद" म्हणून घरी आला आणि पैसे घेऊन पुन्हा निघाला होता. अक्कांनी अडवलं.

"विमा कशाला आहे?"

"असू दे ना अक्का, त्या लोकांच्या मागे कोण लागणार."

"दर महिन्याला तुझ्या पगारातून हप्ता कापून घेतात की नाही? कापताना कधी म्हणतात का, असू दे, ह्याच्या मागे कोण लागणार?"

मुलानं विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ पिपाणी वाजली. मधेमधे एक बाई म्हणायची, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." अक्का पहिल्यांदा तिला म्हणाल्या, "मग उचला की." तिसऱ्यांदा तीच बाई तेच बोलली तेव्हा म्हणाल्या, "हिला दुसरं काही शिकवलेलं दिसत नाही." शेवटी खरी बाई आली. मुलगा तिच्याशी "हो... हो... बरोबर... अगदी बरोबर... धन्यवाद" असं बोलला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"मग 'अगदी बरोबर' कशाला म्हणालास?"

तर त्या बाईचं म्हणणं असं होतं की खुर्ची विम्यात बसते, पण चाक फिरतं; फिरतं म्हणून झिजतं; आणि झीज विम्यात बसत नाही. न फिरणारं चाक असतं तर विचार करता आला असता.

ही बातमी जिन्यावरून वरच्या मजल्यावर गेली आणि वरच्या मजल्यावरून कलमकाका खाली आले. हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर खातं त्यांना विसरलं, पण ते खात्याला विसरले नाहीत. त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी त्या 'वरील विषयास अनुसरून' होत. ते खुर्चीवर बसले, सुनेनं दिलेला चहा त्यांनी तपासून घेतला आणि म्हणाले, "झीज हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आकस्मिक आघात म्हणायचं. चाक झिजलं का? नाही. चाक तुटलं. कसं तुटलं? आकस्मिक. जाळीला ठाऊक नव्हतं, चाकालाही ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं," अक्का म्हणाल्या.

"उत्तम. तिन्ही पक्ष अनभिज्ञ. अर्ज करा."

खोटं का बोला, कलमकाकांचा तो अर्ज लागू पडला. पण अर्जासोबत दुकानाचं दरपत्रक जोडलं होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'पुढील चाके, जोडी'. कंपनीचं उत्तर आलं ते सुनेनं मोठ्यानं वाचलं, मग हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं वाचलं. त्यात म्हटलं होतं: डाव्या चाकाची मागणी तत्त्वतः मंजूर आहे. उजव्या चाकाची वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही.

मुलगा दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, एका पायाची चप्पल कोणी विकतं का?" मुलाला ते पटलं. तिथून त्यानं कंपनीला फोन लावला. बाई म्हणाली, जे मोडलं नाही त्याचे पैसे कसे द्यायचे? मुलाला तेही पटलं. ह्याच्या डोक्यात दोन उलट गोष्टी एकाच वेळी सुखानं नांदतात. घरी येऊन तो म्हणाला, "अक्का, दोघांचंही बरोबर आहे."

"आणि मी?"

"तुझंही बरोबर आहे."

"तू माझ्यासमोरून ऊठ."

मग डॉक्टरांकडे जाणं आलं. घरचे डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी जन्मात कधी चाकासाठी औषध लिहून दिलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'रुग्णास उजव्या बाजूसही डाव्या बाजूइतक्याच उंचीची नितांत आवश्यकता आहे.' अक्कांना त्यातला 'नितांत' फार आवडला. चार दिवस त्या सुनेला, "आमटीत मिठाची नितांत आवश्यकता आहे," असं सांगत होत्या.

'नितांत' पाहून कंपनीही हलली. कळवलं की आमचा तपासनीस घरी येऊन रुग्ण आणि खुर्ची दोघांना पाहील, मग ठरवू.

आदल्या दिवशी कलमकाकांनी तालीम घेतली. "अक्का, तो आला की तुम्ही पलंगावर पडून राहायचं. तोंड जरा उतरलेलं. विचारलं की कण्हायचं."

"परका पुरुष घरात येणार आणि मी त्याच्यासमोर पडून कण्हू?"

"नियमात बसतं ते," कलमकाका म्हणाले.

"तुमच्या बसत असेल. माझ्या घरात बसत नाही."

मुलगा मधे पडला, म्हणजे कुजबुजला. "अक्का, निदान उठू तरी नकोस गं."

अक्कांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सकाळी उठून त्यांनी पडदे बदलायला लावले. ठेवणीतले कपडे काढले, केस चापून बांधले. मग खुर्चीकडे मोर्चा वळवला. तिचे दांडे तेलाच्या बोटानं पुसून लखलखीत केले. हाताच्या पट्टीचं रेक्झिन फाटलं होतं, त्यावर विणलेला रुमाल घातला. राहता राहिलं तुटलेल्या चाकाचं बोडकं टोक. त्याला त्यांनी स्वच्छ फडकं गुंडाळून गाठ मारली. घरातली जखम येणाऱ्या जाणाऱ्याला उघडी दाखवायची नसते. खुर्ची अशी दिसू लागली, की जणू कालच दुकानातून आली आणि तिचा एक पाय जरा मुरगळलाय.

घंटी वाजली तेव्हा मुलगा न्हाणीघरात होता आणि सून गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत. अक्का पलंगावर होत्या. घंटी दुसऱ्यांदा वाजली. दारात माणूस ताटकळतोय आणि घरात माणूस असून दार उघडत नाही, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. अक्का उठल्या. कठडा, मूठ, टेबल, खुर्चीची पाठ, चौकट. दार उघडलं.

"या, या. थांबावं लागलं तुम्हाला."

तपासनीस एक मध्यमवयीन, पडशानं बेजार झालेला गृहस्थ होता. त्यानं आत येऊन तीन शिंका दिल्या, बॅग उघडली आणि विचारलं, "रुग्ण कुठे आहेत?"

"रुग्ण?" अक्का म्हणाल्या. "पडसं तर तुम्हाला झालंय."

तो हसला. विचारलं, "आजी, काही त्रास होतो का?"

आता हा प्रश्न त्यांना आजवर हजार जणांनी विचारला होता आणि हजार जणांना त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. तेच तोंडातून निघालं. "छे! मजेत आहे. तुमचं बोला." तो पुन्हा शिंकला. अक्कांना राहवेना. त्या बसल्या जागेवरून पुन्हा उठल्या, टेबल आणि मूठ धरत कपाटापर्यंत गेल्या आणि कापराची डबी घेऊन परत आल्या. "हुंगा. जोरात. आणि रात्री गरम पाण्याचा वाफारा घ्या. बायको देत नसेल तर मला सांगा."

मुलगा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि दारातच थिजला. त्याची आई पाहुण्याच्या पुढ्यात उभी होती, हातात कापूर, अंगावर ठेवणीतले कपडे, चेहऱ्यावर तेज. "अहो, ती... म्हणजे खरं तर तिला..." एवढं तो बोलला.

"तू मधे बोलू नकोस, त्यांना हुंगू दे," अक्का म्हणाल्या.

तपासनीस गेला तो खूश होऊन गेला. म्हणाला, "फार बरं वाटलं." त्याला खरोखरच बरं वाटलं असणार, कारण त्याच्या अहवालात ते उतरलं. रुग्ण स्वतः चालत येऊन दार उघडतात, प्रकृती उत्तम, भेट देणाऱ्यावर उपचारही करतात. सबब चाकांची मागणी नामंजूर करावी, आणि मुळात खुर्चीचीच गरज आहे काय, हे तपासावे. हरकत असल्यास रुग्णाने समक्ष सुनावणीस यावे.

म्हणजे डावं गेलं, उजवं गेलं, आता खुर्चीही जायची वेळ आली. खिडकीशी मांडलेली मऊ गादी त्या दिवशी अक्कांना जास्तच फुगलेली दिसली.

"तू न्हाणीघरात गेलास म्हणून हे झालं," अक्का मुलाला म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "हो, माझंच चुकलं." सुनेनं कपाळाला हात लावला.

सुनावणीला जायचं तर जायचं कसं? तीन चाकांवर? कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, मी करतो जुगाड. त्यानं लहान मुलांच्या तीनचाकीचं एक लालभडक चाक बसवून दिलं. "अक्का, मस्त पळेल," म्हणाला. पळत होती, नाही कसं म्हणू? पण चाक बोटभर बुटकं, त्यामुळे खुर्ची डावीकडे पळत होती. सरळ जायचं तर उजवीकडे रोखावं लागे, उजवीकडे जायचं तर मागे वळून निघावं लागे, आणि दर फेऱ्याला ते लाल चाक पिंक् करायचं.

कलमकाकांनी शेवटची तालीम घेतली. "एकच शब्द, अक्का. नाही. चालता येतं का? नाही. म्हणा."

"चालता येतं का?"

"तो माझा प्रश्न. तुमचं उत्तर म्हणा."

"तुम्हाला काय करायचंय?"

"असं नाही म्हणायचं!"

"मग बाहेरच्या माणसाला घरातलं सांगत सुटायचं? मला हे येत नाही, मला ते होत नाही?" अक्कांचा आवाज चढला. दिवसभर तालीम झाली. 'नाही' हा शब्द अक्का दिवसात शंभरदा वापरत, टोमॅटोवाल्याला, सुनेला, कलमकाकांना. पण ह्या एका प्रश्नापुढे तो त्यांच्या ओठावर येईना. कलमकाका रुमालानं मान पुसत वर गेले.

कंपनीची कचेरी मोठी होती. गुळगुळीत, चकचकीत फरशी, दोन्ही बाजूंना काचेची दारं. मुलगा ढकलत होता, अक्का दिशा सांगत होत्या आणि खुर्ची स्वतःच्या मर्जीनं चालली होती. पहिल्या डाव्या दारातून त्या आत शिरल्या तिथे काही लोक एका पडद्यावर आकडे बघत होते. मुलगा म्हणाला, "माफ करा." दुसऱ्या डाव्या दारात एक साहेब डबा खात होते. मुलगा म्हणाला, "माफ करा." तिसरं दार स्वच्छतागृहाचं निघालं. त्यात कोणी नव्हतं, तरी त्यानं माफी मागितलीच.

सुनावणीच्या खोलीत एका लांब टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या. वागायला सभ्य, चष्मा गळ्यात, समोर अहवाल. भिंतीकडेला आपापल्या पाळीची वाट बघत बसलेली माणसं, कोणाच्या हाताला प्लास्टर, कोणाच्या मांडीवर फायलींचा गठ्ठा. दाराशी पाण्याचा जग घेतलेला शिपाई. अक्कांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पाठ ताठ केली.

"आजी," बाई म्हणाल्या, "अहवालात लिहिलंय तुम्ही उठून दार उघडलंत. खरं आहे का?"

"घरी माणूस आलं तर दार उघडायचं नाही?"

"उघडायचं ना. पण मग प्रश्न असा आहे..."

बोलताना अक्कांना दोन्ही हात लागत. ब्रेक धरायला हात उरला नाही, आणि खुर्ची हळूहळू डावीकडे निघाली. पिंक्. बाईंची मान त्यांच्यासोबत वळत गेली. पिंक्. मुलानं धावून खुर्ची धरली आणि आईला परत टेबलासमोर आणलं. भिंतीकडच्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

अक्कांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"साधं विचारते, आजी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "चालता येतं का तुम्हाला?"

मुलगा मागून पुटपुटला, "नाही म्हण. अक्का, नाही म्हण."

प्लास्टरवाला बघत होता, फायलीवाला बघत होता, शिपाई जग धरून बघत होता. ज्याला हसू आलं होतं तोही बघत होता.

"येतं की," अक्का म्हणाल्या. "न यायला काय झालंय?"

आणि त्या उठल्या. खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं. मग नेहमीप्रमाणे हात पुढे गेला, कपाटाच्या मुठीकडे.

मूठ नव्हती. पुढे टेबल होतं, पण ते फार लांब. मागे खुर्ची होती, पण ती मागे होती, आणि बिनब्रेकची पुन्हा डावीकडे निघून गेली होती. चहूकडे ती गुळगुळीत फरशी. धरायला काही नव्हतं. गुडघे थरथरू लागले ते अक्कांना कळलं. बाकी कोणाला कळलं नसावं, कारण त्यांनी चेहरा हलू दिला नाही. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि कोणाला हाक मारणं तर शक्यच नव्हतं. त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या, जसं काही त्यांना तिथेच उभं राहायचं होतं. अधिकारी बाईंनी पेन उचललं. दिसलंच होतं की, म्हातारी छान उभी आहे.

"लिहू नका!"

हा आवाज कोणाचा, ते अक्कांना आधी समजलंच नाही. खोलीतल्या काचा हलल्या. शिपायाच्या हातून पाणी सांडलं.

"लिहू नका ते! चालता येत नाही तिला! पडेल ती आता, दिसत नाही तुम्हाला?" मुलगा खुर्ची घेऊन धावला, आईच्या गुडघ्यामागे लावली आणि तिला काखेत धरून बसवलं. मग टेबलाकडे वळला. "घरात कपाटं धरून चालते ती! कपाटं! मरेल पण कण्हणार नाही, तशीच आहे ती. तुमचा माणूस आला, त्यानं आमचा कापूर हुंगला, आणि कपाटाची मूठ काही त्याला दिसली नाही! आई माझी पांगळी आहे! पांगळी! तिला बाजारात जायचंय, ती एकटीनं जाते, मला सोबत घेत नाही, मला वांगी कळत नाहीत! दोन चाकं लागतात तिला, डावं आणि उजवं! एका चाकावर तुम्ही जाऊन दाखवा!"

मग त्याचा श्वास संपला. बोट तसंच अधिकारी बाईंवर रोखलेलं राहिलं. ते खाली कसं घ्यायचं, हे बहुधा त्याला ठाऊक नव्हतं. आधी कधी रोखलं नव्हतं.

बाईंनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांचे गुडघे अजून लटपटत होते आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं. बाईंनी अहवालावर एक आडवी रेघ मारली, खाली काही लिहिलं आणि शिक्का उमटवला. "दोन्ही चाकं मंजूर," त्या म्हणाल्या. "आणि खुर्चीचा विषय बंद." मग चष्मा काढून म्हणाल्या, "साहेब, बोट."

त्यानं बोट खाली घेतलं.

कॉरिडॉरभर अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. खुर्ची दर दारापाशी डावीकडे वळायला बघायची, मुलगा ती ओढून सरळ करायचा, पिंक् पिंक् आवाज व्हायचा, पण अक्कांची जीभ हलली नाही. हे इतकं अघटित होतं, की मुलाच्या कपाळावर घाम आला. चार माणसांत आईला पांगळी म्हटलं होतं, तेही दोनदा, तेही ओरडून. लिफ्ट आली. लिफ्टमन बाजूला झाला. दार बंद झालं.

"वळव मला," अक्का म्हणाल्या.

त्यानं खुर्ची वळवली. अक्कांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं, टक्कल, चष्मा, घामानं भिजलेली कॉलर, सगळं. लिफ्टमन बटणांकडे बघत होता, पण कान इकडेच होते.

"परक्या लोकांत आईला पांगळी म्हणालास," अक्का म्हणाल्या. "केस गळून गेले तरी तुझं तोंड उघडेना, आणि उघडलं ते आईचीच लाज काढायला."

मुलानं मान खाली घातली.

"मान वर कर. मी बोलतेय." त्यानं वर केली. अक्कांनी त्याच्या हातावर एक चापट मारली, फार जोरात नाही. "आवाज मात्र खणखणीत आहे. इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होतास, मेल्या?"